आईला गरम पाण्याच्या गावी न्यायचंय, पण ती नको म्हणते

प्रश्न थोडक्यात: लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. भारतातून आलेल्या आईंचा इथला मुक्काम संपत आलाय, पाच-सहा आठवडे उरलेत. आई ६७ वर्षांच्या, भूगोल-इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. दोन्ही गुडघे दुखतात, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आल्यापासून त्यांचा बहुतेक वेळ पाच वर्षांच्या नातीला सांभाळण्यात आणि स्वयंपाकघरात गेला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज या गावी त्यांना एखाद्या वीकेंडला न्यावं, गुडघ्यांना आराम पडेल, असं लेकीच्या मनात आहे. नवरा म्हणतो, त्या ओसाड गावात दाखवण्यासारखं काय आहे? तेवढ्यात ग्रँड कॅन्यन होईल. भाऊ फोनवर म्हणतो, गरम पाण्यासाठी अमेरिकेत कशाला, आपलं वज्रेश्वरी आहे की. आणि आई म्हणतात, ‘नको गं, माझ्यावर खर्च नको.’ लेकीचे प्रश्न असे: न सांगता बुकिंग करून टाकू का? आई पोहण्याचे कपडे घालायला तयार होणार नाही, त्याचं काय? आणि मुलीला सोबत न्यावं का? पत्रात शेवटी एक ओळ आहे, ‘तिच्यासाठी मी काहीच केलं नाही, असं वाटत राहतं. आणि मीही फार दमलेय.’

उत्तर:

न सांगता बुकिंग करू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमचा कल तिकडेच दिसतो. पैसे भरून झाले की आई नाइलाजाने का होईना येतील, हा तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे. पण नाइलाजाने आलेलं माणूस पाण्यात मोकळेपणाने उतरत नाही. शिवाय इथे प्रश्न त्यांच्या शरीराचा आहे. गुडघे त्यांचे, गोळ्या त्यांच्या, चारचौघांत अंगावर काय घालायचं हा संकोचही त्यांचाच. इतके महिने त्या तुमच्या घरच्या वेळापत्रकाने राहिल्या आहेत. इथे गाडीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे आलेल्या आईवडिलांना कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कुणाची तरी सवड बघावी लागते. ज्या बाईने आयुष्यभर वर्ग सांभाळला आणि घर चालवलं, तिच्या हातात इथे ठरवण्यासारखं फारसं काही उरत नाही. निदान हे त्यांना ठरवू द्या.

त्यांच्या ‘नको’चे तुम्ही दोनच अर्थ लावलेत. एक, भिडेपोटी म्हणतेय, मनातून हो आहे. दुसरा, खरंच नकोय. मला वाटतं, त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असाव्यात, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. पैसा ही त्यातली सांगायला सगळ्यात सोपी, म्हणून ती आधी बाहेर येते. डॉलरचे मनात रुपये करायची सवय काही महिन्यांत जात नाही. पण त्यामागे हेही असू शकतं: तिकडे जाऊन आजारी पडले तर इथला दवाखाना केवढ्याला पडेल. कपड्यांचं काय. मी दोन दिवस नसले तर नातीचं कोण करेल. आणि एक गोष्ट बायका सहसा बोलत नाहीत, ती मी स्पष्ट लिहिते. मधुमेह असला आणि वय झालं की लांबच्या प्रवासात पुन्हा पुन्हा बाथरूमला जावं लागतं, आणि ‘गाडी थांबवा’ असं जावयाला सांगणं कानकोंडं वाटतं. अनेक सहली नेमक्या याच कारणाने ‘नको’ होतात, आणि घरच्यांना वाटतं की आईला कशाची हौसच नाही.

म्हणून ‘तुला जायचंय का?’ असं विचारू नका, त्याला ‘नको’ हेच उत्तर येणार. संध्याकाळी दोघी चालायला बाहेर पडाल तेव्हा, नवरा आणि मुलगी आसपास नसताना, सरळ म्हणा, ‘आई, मला दोन दिवस फक्त तुझ्याबरोबर राहायचंय. मी दमलेय. तू येशील का? आणि तुला त्यात कशाची काळजी वाटते ते सांग, आपण एकेक बघू.’ हे बोलणं खोटं नाही. दमल्याचं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, ओझरतं लिहिलंत, आणि मला ते पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य वाटलं. गुडघे आईंचे दुखतात, पण विश्रांती तुम्हालाही हवी आहे. स्वतःची गरज आईच्या गुडघ्यांच्या नावावर टाकू नका. ‘तुझ्यासाठी’ म्हटलं की त्यांना ओझं वाटतं. ‘मला तू हवी आहेस’ म्हटलं तर कदाचित त्याच पिशवी भरायला लागतील.

आणि ‘मी तिच्यासाठी काहीच केलं नाही’ याची भरपाई या वीकेंडकडून मागू नका. तसं केलंत तर तिथे दर अर्ध्या तासाने ‘बरं वाटतंय ना, आवडतंय ना’ विचारत बसाल आणि त्या ‘हो हो, छान आहे’ म्हणून तुमचीच समजूत काढत राहतील. दोघींनाही आराम मिळणार नाही. दोन दिवस हे दोन दिवसच असू देत.

आता गुडघ्यांविषयी. गरम पाण्यात बसल्याने सांध्यांचा कडकपणा कमी होतो, स्नायू सैल पडतात, पाणी शरीराचं वजन पेलत असल्याने गुडघ्यावरचा भार हलका होतो आणि काही काळ दुखणं कमी होतं. हा आराम खरा आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, त्याने भरून येत नाही. एका वीकेंडने पुढचे सहा महिने सुखाचे जातील, अशी आशा त्यांना दाखवू नका. या गावात पाण्याला ‘चमत्कारी’ म्हणण्याची जुनी परंपरा आहे. खनिजांच्या लांबलचक याद्या भिंतींवर लावलेल्या दिसतील. त्या वाचून एकही गोळी कमी करायची नाही, हे मात्र आईंना आधीच सांगून ठेवा.

जपायचं आहे ते उष्णतेला. मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण आईवडिलांना गरम पाण्याच्या ठिकाणी नेणारे बरेच वाचक असतील आणि नेमकं हेच राहून जातं. अमेरिकेत गरम पाण्याच्या टबाचं तापमान १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअसच्या वर नसावं असा आरोग्य खात्याचा दंडक आहे. ही निरोगी माणसासाठीची वरची मर्यादा झाली. तुमच्या आईंनी ९८ ते १०० फॅरनहाइटच्या आसपासच्या पाण्यातच बसावं. बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या तापमानाची दोन-तीन कुंडं असतात, त्यातलं सगळ्यात कोमट निवडा. पहिल्यांदा दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग बाहेर येऊन सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, बरं वाटलं तर पुन्हा.

कारण असं की गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब खाली येतो. त्यात रक्तदाबाची गोळी घेतलेली असली आणि माणूस झटकन उभं राहिलं, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. ओल्या फरशीवर पडण्याचे प्रसंग असेच घडतात. उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसवा आणि हात धरा. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे हे तळव्यांना कळतच नाही, म्हणून आधी तुम्ही कोपर बुडवून बघा. संध्याकाळी खोलीवर पावलं नीट तपासा, कुठे लाली किंवा फोड तर नाही ना. उष्णतेने इन्सुलिन अंगात लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. त्या इन्सुलिन घेत असतील तर हे महत्त्वाचं आहे. गोळ्यांचं काय, ते त्यांच्या भारतातल्या डॉक्टरांना निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. उपाशीपोटी पाण्यात उतरायचं नाही, जवळ साखर किंवा गोड बिस्किटं ठेवायची. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. कोमट गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असं फारच विरळा घडतं, पण टाळणं आपल्या हातात आहे. पायाला जखम असेल तर तो वीकेंड रद्द. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि गरोदर बायकांनी तर अशा कुंडांत उतरूच नये.

आईंसाठी काढलेल्या प्रवासी विम्याचे कागदही एकदा उघडून बघा. आधीपासून असलेल्या आजारांबाबत त्यात बहुधा अटी असतात. ‘आजारी पडले तर’ ही त्यांची भीती असेल, तर विमा काय देतो आणि काय देत नाही हे त्यांना कागद दाखवून सांगा. शिक्षिका आहेत, नुसत्या ‘काळजी करू नकोस’पेक्षा कागदावर त्यांचा जास्त विश्वास बसेल.

कपड्यांचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही, पण बुकिंगच्या आधी सोडवायला हवा. तरणतलावासाठीच्या कापडाचे लांब बाह्यांचे टॉप आणि घोट्यापर्यंतच्या विजारी सहज मिळतात, वर सैलसर अंगरखाही मिळतो. सुती सलवार-कमीज बहुतेक ठिकाणी चालत नाही. धागे सुटून गाळणीत अडकतात, म्हणून तसा नियम असतो. याहून चांगला मार्ग म्हणजे खाजगी टब. तिथल्या काही छोट्या मुक्कामांच्या जागी खोलीलाच जोडून झऱ्याच्या पाण्याचा टब असतो. दार लावलं की आई त्यांना हवं ते नेसून बसू शकतात. जवळच्या पाम स्प्रिंग्जमध्ये तिथल्या मूळच्या काहुइया लोकांच्या आग्वा कॅलिएन्ते जमातीने २०२३ मध्ये आपल्या पुरातन झऱ्यावर मोठं स्नानगृह उघडलं आहे, तिथेही एकट्याने बसायचे टब आहेत. आणि हे विसरू नका: डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमधल्या काही जागी कपडे ऐच्छिक असतात. संकेतस्थळावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. फोन करून स्पष्ट विचारा. त्याच फोनवर हेही विचारा की कुंडात उतरायला पायऱ्या आणि कठडा आहे की नुसती शिडी. दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी जमणार नाही. खोली तळमजल्यावर हवी, आणि जमलं तर छोटं स्वयंपाकघर असलेली. जेवणाची सोय सगळीकडे नसते, आणि आईंना सकाळी स्वतःच्या हातचा चहा मिळाला की परकेपणा निम्मा कमी होतो.

नवऱ्याचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. गाव म्हणून डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज देखणं नाही. रुंद रस्ते, मोकळे भूखंड, १९४० ते ६०च्या दशकांतली बैठी मोटेलं, आणि वारा. लॉस एंजेलिसहून गाडीने साधारण दोन तास, शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर तीनसुद्धा. ‘हेच का ते?’ असं आई पहिल्या दहा मिनिटांत म्हणतील, याची तयारी ठेवा. पण जमिनीखाली जे चाललंय ते विलक्षण आहे. सॅन अँड्रियास या प्रसिद्ध प्रस्तरभंगाची, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेची, एक शाखा गावाखालून जाते. तिच्या एका अंगाला गरम पाण्याचा साठा आणि दुसऱ्या अंगाला थंड पाण्याचा. भेगेतला दळलेला खडक भिंतीसारखा आडवा येतो, म्हणून दोन्ही साठे मिसळत नाहीत. खोलवर तापलेलं पाणी भेगेच्या आधाराने वर येतं. थंड बाजूचं पाणी इतकं गोड आहे की त्याने चवीच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली आहेत. आणि गरम पाण्याला गंधकाचा वास जवळजवळ नाही, त्यामुळे वज्रेश्वरी पाहिलेल्यांना नवल वाटतं.

१९१३ मध्ये कॅबट यर्क्सा नावाचा माणूस इथे जमिनीवर हक्क सांगायला आला. पाण्यासाठी त्याला मैलोन्‌मैल चालावं लागे, म्हणून त्याने स्वतः विहिरी खणल्या. एकीला गरम पाणी लागलं आणि थोड्याच अंतरावर दुसरीला थंड. पुढे १९४१ पासून १९६५ मध्ये मरेपर्यंत तो टाकाऊ लाकूडसामानातून एक घर बांधत राहिला. ३५ खोल्या आणि १५० खिडक्यांचं ते मातकट घर आज संग्रहालय आहे. भूगोल-इतिहास शिकवलेल्या बाईला हे सांगून बघा. ‘गुडघ्यांसाठी चल’ याला नाही म्हणणारी आई ‘ती भेग बघायला चल’ याला हो म्हणू शकते. घर आतून बघायला जिने चढावे लागतील का, तेवढं मात्र आधी विचारा.

ग्रँड कॅन्यनचं म्हणाल तर तुमच्याकडून तिथे एका बाजूचाच प्रवास सात-आठ तासांचा आहे. एका वीकेंडमध्ये पंधरा-सोळा तास गाडीत वाकलेले गुडघे, आणि वर सात हजार फुटांवर हिवाळ्यातला बर्फ. हे गणित नवऱ्यापुढे मांडा, वाद न घालता. पण आईंनाही विचारा. न जाणो, शाळेत वर्षानुवर्षं ज्याचं चित्र दाखवलं ते कॅन्यनच त्यांना बघायचं असेल. तसं असेल तर गरम पाणी बाजूला ठेवा, चार दिवस काढा आणि मध्ये मुक्काम करत जा. ‘बघणं’ आणि ‘विसावणं’ यांतलं एकच निवडायला लागावं असंही नाही. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जपासून जवळच पाम स्प्रिंग्जची हवाई ट्राम, म्हणजे रोपवे, आहे. फिरत्या डब्यातून दहा-बारा मिनिटांत वाळवंटाच्या कडेवरून साडेआठ हजार फुटांवर पाइनच्या रानात पोहोचवते, हिवाळ्यात वर बर्फही असतो. चालणं जवळजवळ नाही. उंची मानवेल का, हे डॉक्टरांना विचारायच्या यादीत घाला. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातला बराच भाग गाडीतूनच दिसतो. अमेरिकेतला बहुतेक खजूर याच खोऱ्यात पिकतो, त्याच्या बागा बघायला अर्धा तास पुरतो. एका दिवसात यातलं एकच काहीतरी करा आणि दुपारी आईंना झोपू द्या.

भावाशी फोनवर वाद घालू नका. तो आईंना गुडघ्यांसाठी वज्रेश्वरीला नेणार असेल तर फारच चांगलं, नेऊ दे. त्यामुळे तुमची सहल अडत नाही.

मुलीला या वेळी घरी ठेवा. तिथल्या बऱ्याच छोट्या जागा फक्त प्रौढांसाठी असतात, ते एक कारण. खरं कारण असं की नात सोबत असली की आई पुन्हा आजीच्या कामाला लागतील: तिला भरव, तिच्या मागे धाव, तिचे ओले केस पूस. नवऱ्याला दोन दिवस मुलीबरोबर एकटं राहू द्या. आईंना ‘माझ्याशिवाय तिचं कसं होईल’ वाटत असेल, तर आधीच्या एखाद्या शनिवारी सगळं त्याच्यावर सोपवून बघा, म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत होईल.

वेळ म्हणाल तर हे पाच-सहा आठवडे हिवाळ्याचे आहेत, ते उत्तम. दिवसा साधारण सत्तर फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडची गुलाबी थंडी. रात्री चांगलंच गार होतं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर त्या वाऱ्याने हुडहुडी भरते. जाड टॉवेल, शाल आणि न घसरणारी चप्पल काठावरच ठेवा. याच विषयावर विचार करणाऱ्या इतरांसाठी: जून ते सप्टेंबर ज्येष्ठांना तिकडे नेऊ नका, पारा ११० फॅरनहाइटच्या वर जातो. सुट्टी मिळत असेल तर शुक्रवार-शनिवार टाळून रविवार-सोमवारचा मुक्काम घ्या, दर उतरलेले असतात आणि कुंडं रिकामी. पैशांची काळजी करणाऱ्या आईला हा फरक आकड्यांत सांगा. मुक्कामच नको वाटला, तर दिवसापुरता प्रवेश देणाऱ्या जागाही आहेत. सकाळी निघून रात्री परत येता येतं, आणि दर तासाला थांबायचं हे तुम्ही स्वतःच, ‘मला कॉफी हवीय’ म्हणून ठरवून टाका.

एवढं सगळं एकेक करून सोडवल्यावरही त्या ‘नको’ म्हणाल्या, तर ते मान्य करा आणि पुन्हा विषय काढू नका. मग उरलेल्या आठवड्यांत त्यांना इथे काय करावंसं वाटतं ते विचारा आणि तेच करा, ते कितीही किरकोळ वाटलं तरी. खोली आधी धरून ठेवायची असेल तर पैसे परत मिळतील अशीच धरा, आणि रद्द करायची शेवटची तारीख आईंनाही सांगून ठेवा.